डाव्या हाताचे राखणदार

माणसाच्या तोंडाकडे न पाहता जन्मभर माणसांशी नीट वागलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे नंदोई. माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, जऊळक्याच्या स्टेशनाजवळ दवाखाना चालवणारे डॉक्टर. तोंड हा अवयव त्यांच्या मते देवानं औषध पाजायच्या सोयीसाठी केला होता; माणसाची खरी ओळख कोपराच्या खळगीत. कोणी समोर आलं की त्यांची नजर आधी मनगटावर उतरायची, तिथून हातावर वर चढायची आणि खांद्याशी पोचण्याआधीच समाधान पावून परत फिरायची. कोणी हात जोडून नमस्कार केला की ते खुलत. मान मिळाला म्हणून नव्हे, दोन्ही हातांच्या शिरा एकदम पाहायला मिळाल्या म्हणून. एकदा बाजारात आसेगावच्या एका शेतकऱ्यानं वाट अडवून विचारलं, "राम राम डॉक्टरसाहेब, वळखलं का नाई मले?" डॉक्टर कोऱ्या नजरेनं त्याच्या फेट्याकडे पाहत राहिले. त्या माणसाला हा रोग ठाऊक असावा. त्यानं मुकाट्यानं बाही वर सरकवली. "अरे, दुफाट्याची शीर! तू होय! पोट्टं कसं हाये तुवं? चालते का आता?" आणि मग भर बाजारात त्याचा हात धरून त्याच्या साऱ्या घरादाराची चौकशी झाली, तीसुद्धा हाताकडेच पाहत.

माझं लग्न जमलं तेही या खोडीपायीच. मी इंझोरीची. पोरवयाची होते आणि स्वतःच्या रूपाबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता. घरात आरसा होता तळहाताएवढा, त्यामुळे एका वेळी थोडंच दिसायचं आणि जे दिसायचं ते बरंच दिसायचं. मला पाहायला आसेगावची मंडळी आली, सासूबाई, सासरे आणि सोबत हे जावई. पोह्यांचं ताट घेऊन कसं चालायचं याचा सराव मी गोठ्यात गाईसमोर केला होता, आणि गाईनं नाव ठेवलं नव्हतं. त्या ऐटीत मी बाहेर आले. डॉक्टरांनी ताट बाजूला ठेवायला लावलं आणि म्हणाले, "मूठ आवळ वं बाई." मला वाटलं, हात पाहणारे कोणी जोशीबुवा दिसतात. मी पंजा उघडून पुढं केला, नजर खाली, चेहऱ्यावर जमेल तेवढी लाज. त्यांनी तव्यावरची भाकर उलटवावी तसा तो पंजा उलटवला, दंडाला उपरण्याचं टोक आवळलं, दोन बोटांनी टिचक्या मारल्या आणि सासूबाईंना सांगितलं, "दोरीसारखी हाये. डोळे मिटून करून टाका." माझ्या आईनं ते माझ्या अंगकाठीवर घेतलं आणि लग्नापर्यंत मला तुपात बुडवून काढलं. मी मात्र पुढं कितीतरी महिने याच धुंदीत, की आपण लाखात देखण्या म्हणून पसंत पडलो. खरी गोष्ट आक्कांनी सांगितली. आक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, डॉक्टरांच्या बायको. चुलीपुढं बसून, डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत म्हणाल्या, "वयनी, तू कायले फुगून राह्यली? आमच्या घरी म्हैसही त्याईनं शीर पाहूनच घेतली."

माझे यजमान जऊळक्याच्या शाळेत मास्तर होते, म्हणून आमचं बिऱ्हाड डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत. मधल्या परसात आक्कांनी लाल भोपळ्याचा वेल लावला होता, पण त्यावर धड पान म्हणून दिसायचं नाही. भोपळ्याच्या पानाचा देठ पोकळ असतो, आणि डॉक्टर त्यात काचेची नळी घालायचा सराव करीत. नळीही घरचीच. स्पिरिटच्या दिव्यावर काच तापवून तिचं टोक ते उंदराच्या शेपटासारखं बारीक ओढायचे. मग देठाखालून रेशमाचे दोन धागे घ्यायचे, एक खालच्या बाजूला आवळून टाकायचा, त्याच्या वर नखाएवढी चीर द्यायची, चिरेतून नळी आत सरकवायची आणि दुसरा धागा नळीसकट बांधायचा. एवढंसं काम, पण देठ फाटला की डॉक्टर "गेला बिचारा" म्हणून अशी मान हलवत, जसा कोणी सोयराच गेला. आक्का घरातून ओरडायच्या, "भाजीपुरते तरी दोन पानं ठेवा! रोज काय मेलेलेच देठ शिजवू?"

हा सारा खटाटोप पटकीसाठी होता. पटकी म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. सकाळी औत हाकणारा माणूस दुपारी पिळून टाकलेल्या फडक्यासारखा खाटेवर पडलेला दिसायचा. अंगातलं पाणीच निघून जायचं. ते पाणी मीठ घालून शिरेतून परत भरलं तर तोच माणूस उठून भाकर मागायचा. पण शीर सापडायची कुठं? "नदी आटली का पात्र सापडत नाही," डॉक्टर म्हणायचे. "सुई टोचून काय होते? कातडं उघडून पाहा लागते." पायाच्या घोट्याच्या आतल्या हाडापुढं जी शीर असते तिच्यावर त्यांची भारी भक्ती. "देवानं ही एकच चीज समद्याईले एका जागी देली. राजा असो का रंक." देठ बांधायला मी त्यांच्यापेक्षाही चटकन शिकले होते, म्हणून मला वाटलं, आपण आता अर्ध्या डॉक्टरीण. एका रोग्याच्या वेळी मोठ्या तोऱ्यात पदर खोचून मदतीला गेले, धागा हातात घेतला, डॉक्टरांनी घोट्यावर पहिली चीर दिली, आणि पुढचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही म्हणे. "पडली का? पडू द्या. आडव्या माणसाच्या डोक्यात रक्त बरं पोचते." रोगी माझ्याआधी शुद्धीवर आला, आणि त्यानंच माझ्यासाठी पाणी मागितलं.

पण घोटे दोनच. आणि जी शीर एकदा उघडून बांधली ती कायमची मेली, हे डॉक्टरांचं खरं दुःख. माणूस वाचला म्हणून घरचे पाया पडत असायचे आणि हे जेवायला बसल्यावर म्हणायचे, "आज एक शीर गेली," आपण बैल गेला म्हणतो तसं. पुढल्या साली याच माणसाला पुन्हा झालं तर शिरायचं कुठून? यावर त्यांनी जी युक्ती काढली ती वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला सुचली नसती. सुगी आटोपली की गोंदणारी बाई गावोगाव फिरायची. डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं. माणूस धडधाकट असतानाच त्याचा दंड बांधायचा, हातावरची उत्तम शीर शोधायची, शाईच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि त्या खुणेवर बाईनं एक हिरवा ठिपका टोचायचा. पुढं पटकीत शीर आटली तरी ठिपका जागेवर. माझ्या उजव्या हातावरच्या ठिपक्याची पाळी आली तेव्हा मला वाटलं, नुसता ठिपका बरा दिसत नाही, म्हणून मी बाईकडून त्याच्याभोवती पाकळ्या काढून घेतल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शिरेवर बगीचा लावून ठेवला हिनं! आता काटू कुठी?"

बगीचा परवडला अशी पुढची गोष्ट झाली. लोकांनी धरलं की ठिपका म्हणजेच पटकीवरचा उतारा. ज्याच्या अंगावर तो आहे त्याच्या दारी मरीमाय पाऊल टाकत नाही. मग डॉक्टरच्या पेन्सिलीचं काम काय उरलं? बाई आपली दारोदार ठिपके देत निघाली. कोणाच्या दंडावर, कोणाच्या पोटावर, कोणाच्या टकलावर. इंझोरीत माझ्या सख्ख्या काकानं तर बैलाच्या चारही पायांना डाग देऊन घेतले. डॉक्टरांनी बाईला रस्त्यात गाठलं. "हे काय करून राह्यली तू? शीर कुठी अन् ठिपका कुठी?" बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमी एकाच हाताले देता. लोक म्हंतेत, बाकीच्या आंगानं काय पाप केलं? म्या तं पुन्नच केलं." मग खऱ्या ठिपक्यांची ओळख पटावी म्हणून डॉक्टरांनी त्यांच्याशेजारी एक आडवी रेघ काढून घ्यायला सुरुवात केली. पंधरवड्यात सगळ्या तालुक्याला रेघही पाहिजे झाली. तेव्हा कुठं त्यांनी हा नाद सोडला. आक्कांच्या हातावर मात्र ना ठिपका ना रेघ. चारचौघांत, आणि त्यातून सासरमाहेरच्या वडीलधाऱ्यांसमोर, नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा हे त्या दिवसांत कोणाच्या मनातही येत नसे. डॉक्टरांनी साऱ्या गावाचे हात धरले. तो एक राहिला.

त्याच उन्हाळ्यात पटकी स्टेशनाच्या वस्तीत शिरली आणि आक्का पडल्या.

डॉक्टरांनी त्यांचा उजवा घोटा उघडला. त्या नळीत रक्त गोठलं तेव्हा डावा उघडला. तीही बंद पडली तेव्हा उजव्या हाताच्या कोपरात शीर शोधली. बाटल्यांमागून बाटल्या पाणी आत गेलं आणि दिवेलागणीच्या आत आक्कांनी डोळे उघडून मला पहिलं वाक्य ऐकवलं, "वयनी, चुलीवर दूध ठेवलं का उतू जाऊ देलं?" ते उतू गेलंच होतं. आम्ही हसलो, रडलो. आसेगावहून सासूबाई आल्या, त्यांनी लेकीची दृष्ट काढली. सगळ्यांना वाटलं, जीत झाली. एकट्या डॉक्टरांना वाटलं नाही, कारण आक्कांना लघवी झाली नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. डॉक्टर आधी मोठ्यानं विचारायचे, मग हळू, मग नुसते माझ्याकडे पाहायचे आणि मी मान हलवायची. ज्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे त्या घरात सगळे त्याच एका बातमीसाठी थांबले होते. सासूबाई देवापुढं बसून काय मागत होत्या ते लिहायला संकोच वाटतो, पण तेच मागत होत्या.

मग डॉक्टरांनी आक्कांचं पाणी तोडलं. आत गेलेलं बाहेर येत नव्हतं, तेव्हा दिवसाला घोट दोन घोट, तेही चमच्यानं. आक्कांचा चेहरा सुजला होता, उचकी थांबत नव्हती, पण जिभेची धार होती तशीच. "पह्यले पाण्यावाचून मरत होती, तं धरून धरून पाजलं. आता पाजाची वेळ आली तं माठ लपवून ठेवला. ह्या माणसाचा हिशेब मले वीस वर्सात समजला नाही."

एका दुपारी डॉक्टरांनी सासूबाईंना आणि मला ओट्यावर बसवून नीट समजावलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "तिच्या किडन्या मेल्या नाहीत, झोपल्या हायेत. काही दिवसानं जाग्या होऊ शकतेत. तवरोक रक्तातला मळ कोणी काढला पाह्यजे. परदेशात एक यंत्र निघालं हाये. ते रक्त भायेर घेते, धुते अन् वापस आंगात सोडते."

"मंग आणा ना ते," सासूबाई म्हणाल्या. जावयाशी त्या कधी थेट बोलत नसत. "जमीन इका, पण आणा."

"मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात माह्या सोबत शिकलेला एक डॉक्टर हाये. त्याले तार केली. तिथी असन तं आजच्या गाडीनं नेतो. पण आत्याबाई, यंत्र असलं तरी रक्त घेणार कुठून? ठोके देणाऱ्या नाडीतून घ्या लागते अन् शिरेतून वापस द्या लागते. एक धुणं झालं का त्या दोन्ही वाटा बंद. घोटे मी वापरून बसलो. उजवा हात वापरून बसलो." मग ते माझ्याकडे वळले. "डावा हात उरला. आजपासून त्याले कोणी सुई लावाची नाही, दाबाचा नाही, धरून उठवाचं नाही. बांगड्या काढ. सूज चढून राह्यली, काच रुतन."

सासूबाई उभ्याच राहिल्या. "नवरा डोळ्यांसमोर असून लेकीचा हात बोडका करू?" त्या घरात याहून मोठं अभद्र दुसरं नव्हतं. आतून आक्काच बोलल्या, "काढू दे माय. फोडू नोको म्हणा, काढा." मी साबणाचं पाणी घेऊन बसले आणि एक एक हिरवी बांगडी सोडवली. एकही तडकू दिली नाही. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. त्यानंतर तो डावा हात एका स्वच्छ उशीवर असा वेगळा ठेवलेला असायचा, जसा तो आक्कांचा नसून कोणा पाहुण्याचा आहे.

तारेची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत डॉक्टर परसात बसून भोपळ्याचे दोन देठ शेजारी शेजारी धरून शिवत असत. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. विचारलं तर म्हणाले, "मनगटापाशी नाडी अन् शीर, दोघी बहिनीवानी बाजूबाजूनं चालतेत. मधातून एक खिडकी पाडून दोघीले जोडून देलं, तं नाडीचा जोर शिरेत येईन. शीर फुगन, जाड होईन. मंग तिच्यात पुन्हा पुन्हा टोचता येईन. नळी बांधाचं कामच नाही, अन् वाट कधी बंद होनार नाही."

"मंग करा ना आक्काले," मी म्हटलं. मला ते भोपळ्याइतकंच सोपं वाटत होतं.

"देठातच फाटून राह्यलं वं," ते म्हणाले, आणि नवा देठ तोडला.

तार स्टेशनमास्तर स्वतः घेऊन आले. तसं यंत्र आपल्या देशात अजून आलेलं नाही, एवढाच मजकूर. डॉक्टरांनी ती वाचली, स्टेशनमास्तरांना चहा घेऊन जा म्हणाले, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले आणि घरात आले. मला म्हणाले, "बांगड्या आण."

सासूबाई उशाशी बसल्या होत्या. मी होते, शेजारच्या बायाही होत्या. त्या सगळ्यांसमोर ते आक्कांच्या खाटेवर बसले आणि तो डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात सुजला होता. कासारालाही जमलं नसतं, पण त्यांनी बोटं जुळवून, अंगठा आत दाबून, जरा जरा फिरवत पहिली बांगडी चढवली, मग दुसरी. आक्का गुंगीत होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "अवो, माय बसली हाये ना तिथी."

"असू दे."

"ह्या हाताले हात लावाची मनाई होती."

"उठली मनाई."

आक्कांना कळलं. मग म्हणाल्या, "मंग थोडं पाणी द्या."

डॉक्टरांनी माठातून तांब्या भरून आणला आणि पोट भरेपर्यंत त्यांना पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का गेल्या, भरल्या हातांनी.

डॉक्टर नंतर पुष्कळ वर्षं जऊळक्याला होते. पटकीच्या साथी येत राहिल्या, घोटे उघडत राहिले, नळ्या ओढत राहिले. फक्त एक नवं खूळ त्यात वाढलं. कोणाही रोग्याच्या डाव्या हाताला ते सुई लावू देत नसत. शीर कितीही ठसठशीत असो, तो हात सोडून बाकी सगळीकडे शोधायचे. लोक हसायचे. "डॉक्टरसाहेबाले डाव्या हाताची शिवाशिव हाये," म्हणायचे. कोणी खोदून विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "उद्या यंत्र आलं तं तुले कुठून लावू?" रोग्याचं डोकं दुखत असायचं, त्याला यंत्र कसलं ते कळायचं नाही, पण हात मागं घ्यायचा. आम्हा घरच्यांना तर त्यांनी शपथच घातली होती. मी बाळंत झाले, पोटाची शस्त्रक्रिया झाली, मलेरियानं दोनदा लोळवलं, दरवेळी नर्सबाईपुढं मी उजवा हात करायची. "बाई, डावा द्या ना, त्याच्यात छान दिसते," असं त्या चिडून म्हणायच्या, आणि मी बहिरी असल्याचं सोंग घ्यायची. यंत्र मुंबईला आलं, मग नागपूरला, मग अकोल्याला. तोवर ज्यांचे डावे हात राखून ठेवले होते ती बहुतेक माणसं निघून गेली होती, आणि राखणाराही.

गेल्या वर्षी माझ्या किडन्या थकल्या. अकोल्याला नेलं. तिथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरानं, माझ्या नातवाच्या वयाच्या पोरानं, माझ्या मनगटातली नाडी आणि शीर जोडून दिली. त्या जोडातून आता रक्त घरघरत जातं, बोट ठेवलं की मांजरासारखं. शस्त्रक्रियेआधी तो माझा डावा हात उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत होता. "आजी, या वयात असा हात पाहायला मिळत नाही. एक डाग नाही, एक गाठ नाही. कोणी सांभाळला हा?"

"आमच्या नंदोयांनी," मी म्हटलं. "डॉक्टर होते ते. जऊळक्याचे."

"अरे वा. मग एकदा घेऊन या त्यांना. भेटायला आवडेल मला."

पोरगा मनापासून बोलत होता. त्याचा हिरमोड करावासा वाटेना.

"पाहते," मी म्हटलं. "हल्ली ते कुठं फारसे जात-येत नाहीत."